डफावरची थाप, सरकारची झोप

सात बेटे, मधला समुद्र बुजवून केलेली जमीन आणि त्या जमिनीवर पोटापाण्यासाठी लांबून आलेली माणसे. हे वर्णन कुठले? तुम्ही म्हणाल, "अहो, मुंबईचं! त्यात काय विचारायचं?" कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही नावे आपण शाळेत घोकलेली आहेत. पण मंडळी, हेच वर्णन आपल्या जुरोंग आयलंडलाही तंतोतंत लागू पडते. आयर चावान, आयर मर्बाउ, मर्लिमाउ, पेसेक, धाकटे पेसेक, साक्रा आणि सराया ही सात बेटे भर घालून एकमेकांना जोडली आणि त्यातून हे एक बेट झाले. १९९५ मध्ये सुरू झालेले भरावाचे काम २००९ मध्ये पुरे झाले. मुळातली जेमतेम १,००० हेक्टर जमीन आज ३,००० हेक्टरांच्या वर गेली आहे. पूर्वी इथल्या काही बेटांवर मलाय कोळ्यांच्या वाड्या होत्या. आज तेथे तेलशुद्धीकरणाचे आणि रसायनांचे शंभरावर कारखाने आहेत. २००१ पासून हे बेट संरक्षित ठिकाण आहे. पासाशिवाय आत पाऊल टाकता येत नाही आणि फोटो काढायचे तर नावच नको. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांनी ते लांबूनच, रात्रीच्या दिव्यांच्या झगमगाटात पाहिलेले असेल.

गेली काही वर्षे माझी रोजीरोटी याच बेटावर आहे. दरवर्षी एक मे आला की मला एक गंमत वाटते. सिंगापुरात त्या दिवशी कामगार दिनाची सुट्टी असते आणि तोच आपला महाराष्ट्र दिन. एका सुट्टीत दोन सण! प्लांटला मात्र सुट्टी नसते, शिफ्ट चालूच राहते. ज्यांची ड्यूटी नसते ते संध्याकाळी मंडळाच्या कार्यक्रमाला जातात. तिथे 'जय जय महाराष्ट्र माझा' होते, एखादी लावणी होते, आणि हमखास 'माझी मैना' होते. शिट्ट्या पडतात, वन्स मोअर होतो. मग सगळे जेवायला वळतात.

या लेखाचे निमित्त तेच गाणे आहे. ते रचणाऱ्याने आणि गाणाऱ्यांनी ते करमणुकीसाठी म्हटले नव्हते. ते सरकारला उद्देशून म्हटले होते. आणि त्या काळच्या सरकारला ते चांगलेच झोंबले होते.

मैना कोण?

अण्णाभाऊ साठे यांची ही छक्कड आहे. अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे शिक्षण दीड दिवसाचे, असे आपल्याकडे सांगितले जाते. लहानपणी वडिलांबरोबर पायी चालत ते मुंबईला आले, पडेल ते काम केले, गिरणीत राबले, आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरे शिकले. पुढे त्यांनी 'फकिरा'सारखी कादंबरी लिहिली. महाराष्ट्र शासनानेच तिला १९६१ मध्ये पुरस्कार दिला.

छक्कड वरवर ऐकली तर अगदी साधी आहे. मुंबईत कामाला आलेला एक गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो. तिचे रूप आठवतो, निघतानाचा तिचा चेहरा आठवतो, मुंबईच्या गर्दीत आपण कसे एकटे पडलो ते सांगतो. नोकरीसाठी घर सोडून आलेल्या कोणाच्याही काळजाला हात घालील असे हे गाणे आहे. आपल्या बेटावर तर असे हजारो लोक आहेत. कोणाची मैना तंजावरला, कोणाची सिल्हेटला, तर कोणाची कोल्हापूरला.

पण अर्ध्यावर आल्यावर गाणे वळण घेते. ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते की ही एका माणसाची ताटातूट राहिलेली नाही. मुंबईवाचून महाराष्ट्र, आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांच्यावाचून महाराष्ट्र, अशी ही ताटातूट आहे. मैना म्हणजे तुटलेला मुलूख. विरहाचे गाणे ऐकता ऐकता श्रोता राजकारणात येऊन पोचलेला असतो, आणि डोळ्यांतले पाणी पुसायला गेलेला हात मुठीत कधी वळला ते त्याचे त्यालाही कळत नाही.

या गाण्याची खरी ताकद मला इथे दिसते. सरकारविरुद्ध नुसती घोषणा दिली तर ती सभेपुरती टिकते. अण्णाभाऊंनी आधी माणसाचे दुःख गायिले आणि त्याच्या पोटात सरकारला जाब विचारला. घोषणेवर बंदी घालता येते. बायकोच्या आठवणीवर कोणता पोलीस कमिशनर बंदी घालणार?

लालबावट्याचे तीन शिलेदार

अण्णाभाऊ एकटे नव्हते. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लालबावटा कलापथक उभे केले. अमर शेख मूळचे बार्शीचे. जन्म १९१६, खरे नाव मेहबूब हुसेन पटेल. बसवर क्लीनर म्हणून काम केलेला, गिरणीत राबलेला हा माणूस. त्यांची आई मुनेरबी. तिच्याकडून ऐकलेल्या गाण्यांवर पोसलेला त्यांचा आवाज असा खडा होता की मैदानात मागे उभ्या राहिलेल्या माणसालाही शब्द न् शब्द ऐकू जावा. मुसलमान घरात जन्मलेला एक शाहीर मराठी मुलखासाठी गळा फोडून गातो आहे, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही, असा तो काळ होता. आज हे मुद्दाम सांगावे लागते.

कलापथकाने साधन निवडले ते तमाशाचे. तमाशाची रचना आपल्याला माहीत असते: आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. यातली बतावणी म्हणजे सोंगाड्याचे राज्य. राजाला, पाटलाला, सावकाराला तोंडावर टोला हाणायची मुभा लोकांनी सोंगाड्याला पिढ्यान् पिढ्या दिलेली आहे. अण्णाभाऊंनी ही जुनी मुभा उचलली आणि तिचा रोख मंत्री, शेटजी, काळाबाजारवाले यांच्याकडे वळवला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला, हुतात्म्यांना आणि कष्टकऱ्यांना वंदन घातले. 'अकलेची गोष्ट' आणि 'शेटजींचे इलेक्शन' हे त्यांचे वग गिरणगावात माणसे खदाखदा हसत पाहायची. हसून झाल्यावर घरी जाताना विचार करायची.

पोवाड्याचेही तसेच. शाहीर एक चरण गातो आणि मागचे झीलकरी तो उचलून धरतात. डफावर थाप पडते, तुणतुण्याचा सूर धरलेला असतो, आणि दहा मिनिटांत समोरचा जमावच झीलकरी होतो. भाषणात एकजण बोलतो आणि हजारजण ऐकतात. पोवाड्यात हजारजण गातात. सरकारने पकडायचे कोणाला? शिवाय वाचता येत नसले तरी अडत नाही. गाणे तोंडातून कानात आणि कानातून पुन्हा तोंडात जाते. छापखान्यावर धाड घालता येते, पण गळ्यावर घालता येत नाही.

तरी सरकारने प्रयत्न केलाच. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. तेव्हा तमाशाने 'लोकनाट्य' हे नाव घेतले आणि खेळ पुढे चालू राहिला. पुढे लालबावट्याच्या कार्यक्रमांवरही बंदी आली. मग गाणी कलापथकाशिवाय फिरू लागली, चाळीच्या गॅलरीतून आणि गिरणीच्या फाटकावरून.

गोळी आणि गाणे

संयुक्त महाराष्ट्राचा लढा आपल्या आईवडिलांच्या आणि आजीआजोबांच्या पिढीने पाहिला. इथे वाढणाऱ्या मुलांसाठी थोडक्यात सांगायचं तर गोष्ट अशी. भाषावार प्रांत करायचे ठरले, पण मुंबई महाराष्ट्राला द्यायला दिल्ली तयार नव्हती. शहरात पैसा घातला तो दुसऱ्यांनी, तेव्हा शहर मराठी माणसाचे कसे, असा एक युक्तिवाद होता. कामगारांचे म्हणणे असे की गिरण्या, गोद्या आणि रस्ते आमच्या घामावर उभे आहेत.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी विधिमंडळाकडे निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि १५ माणसे मेली. मोरारजी देसाई तेव्हा मुख्यमंत्री होते. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित होणार असे पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केले आणि शहर पेटले. पुन्हा गोळीबार झाले. लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडा १०५ वर गेला. पुढे तो १०६ आणि १०७ असाही नोंदवला गेला. सत्तेवर काँग्रेसचे निवडून आलेले सरकार होते, परकी इंग्रज नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मत देऊन आणलेले सरकारही गोळी घालू शकते, हे स्वतंत्र भारतातल्या मराठी माणसाने तेव्हा अनुभवले.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्यानंतरची चार वर्षे सभा असली की शाहीर असायचाच. आचार्य अत्रे बोलायचे, एस. एम. जोशी बोलायचे, कॉम्रेड डांगे बोलायचे, पण लोकांना सभेत खिळवून ठेवण्याचे काम अमर शेखांचे, आत्माराम पाटलांचे आणि अशा अनेक शाहिरांचे होते. शेवटी १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव-कारवार बाहेर राहिले ते राहिलेच. म्हणून 'मैना'तला विरह पूर्ण संपलेला नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले, हालअपेष्टांत आणि गरिबीत. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. दोघांच्या गळ्यातली गाणी मात्र आपल्या मंडळाच्या स्टेजपर्यंत येऊन पोचली.

कविता छापली म्हणून काळे पाणी

गाण्याला घाबरण्याची ही परंपरा जुनी आहे. इंग्रजांनी १८७६ मध्येच नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा केला होता. त्याच राजवटीत खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर १९१० मध्ये बंदी आली, कारण प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसत होता! हा १८७६ चा कायदा स्वतंत्र भारतात कागदावर थेट २०१८ पर्यंत जिवंत होता, हे ऐकून आश्चर्य वाटेल. राज्यकर्ते बदलतात, पण उपयोगी कायदे कोणी सहजासहजी टाकून देत नाही.

त्याहून जबर उदाहरण नाशिकचे. कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, दोन्ही पायांनी अधू होते. त्यांना जागेवरून हलणे कठीण होते, पण त्यांची गाणी गावोगाव फिरत होती. त्यांच्या कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. बॉम्बसाठी नव्हे, पिस्तुलासाठी नव्हे, तर कवितांच्या एका छोट्या पुस्तकासाठी! साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता म्हणतात. त्या साम्राज्याला नाशिकच्या एका खोलीत बसून रचलेल्या चार कवितांचे भय वाटले.

कँटीनमधले तीन कवी

बेटावर शटडाऊन चालू असला की कामाची माणसे दुप्पट-तिप्पट होतात आणि कँटीनमध्ये भाषांची भेळ होते. अशाच एका शटडाऊनमध्ये माझ्या टेबलावर एक बांगलादेशी फिटर आणि एक तमिळ सुपरवायझर बसले होते. फिटर काहीतरी गुणगुणत होता. "काय गातोस?" विचारले तर म्हणाला, "नजरुल." आणि मग घास बाजूला ठेवून त्याने मला नजरुल सांगितला. काझी नजरुल इस्लाम यांना 'धूमकेतू' या आपल्या पत्रात छापलेल्या एका कवितेसाठी १९२३ मध्ये इंग्रजांनी एक वर्षाची शिक्षा दिली होती. तुरुंगात त्यांनी उपोषण केले. आज ते बांगलादेशाचे राष्ट्रकवी आहेत.

सुपरवायझर मागे कसा राहील? तो म्हणाला, "आमचे भारती!" सुब्रमण्य भारती अटक टाळण्यासाठी १९०८ मध्ये फ्रेंच पाँडिचेरीत गेले आणि दहा वर्षे तिथेच राहिले. त्यांच्या मृत्यूनंतरही सरकारची भीती गेली नाही, कारण १९२८ मध्ये मद्रास सरकारने त्यांची गाणी जप्त केली. मग मी अण्णाभाऊ सांगितले. हिंदी आणि मोडकेतोडके इंग्रजी यांच्या मिश्रणात मैनेची गोष्ट सांगताना फिटर एकदम म्हणाला, "ये तो मेरा गाना है." त्याची बायको आणि मुलगी गावी होती. मुंबई, बेळगाव, समिती यांतले त्याला काही माहीत नव्हते, पण गाणे त्याला कळले होते. सिंगापुरात २०१४ पासून स्थलांतरित कामगारांच्या कवितांची स्पर्धा भरू लागली, आणि तिच्यात बंगाली कामगारांनी नाव काढले, याचे मला त्या दिवसापासून नवल वाटत नाही.

आपण राहतो त्या भागालाही हा इतिहास आहे. १९४३ मध्ये नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा याच सिंगापुरात केली, आणि आझाद हिंद सेनेच्या गीतांना कॅप्टन रामसिंग ठाकुरी यांनी चाली दिल्या. समुद्रापलीकडे इंडोनेशियात 'गेंजेर-गेंजेर' नावाचे एक गाणे आहे. गेंजेर ही पाणथळ जागी उगवणारी, गरिबाच्या ताटातली पालेभाजी. जपानी अमलातल्या उपासमारीत बान्यूवांगीच्या महंमद आरिफ यांनी ते रचले. १९६५ नंतर सुहार्तोंच्या राजवटीत ते कम्युनिस्टांचे म्हणून वर्ज्य ठरले आणि खुद्द आरिफ त्या कत्तलीत नाहीसे झाले. एका पालेभाजीचे गाणे तीस वर्षे उघडपणे म्हणता येत नव्हते, सुहार्तो १९९८ मध्ये जाईपर्यंत!

आणखी दूर चिलीत, ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर गायक व्हिक्टर हारा याला इतर हजारोंबरोबर स्टेडियममध्ये कोंडले आणि हालहाल करून मारले. ते स्टेडियम २००३ पासून त्याच्याच नावाने ओळखले जाते. मारेकऱ्यांपैकी सात निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची शिक्षा चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केली ती २०२३ मध्ये, म्हणजे बरोबर ५० वर्षांनी. न्यायाला उशीर झाला, पण गाणे तोवर थांबले नव्हते.

कधी कधी न गाणे हेही उत्तर असते. आणीबाणीत सरकारी कार्यक्रमासाठी गायला किशोरकुमारने नकार दिला, तर १९७६ मध्ये त्याची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली. त्याने एकही निषेधगीत म्हटले नव्हते. फक्त "नाही" म्हटले होते.

कालचा शाहीर आणि आजचा

आता जरा अवघड भाग. कालच्या शाहिरांचे कौतुक करायला काही लागत नाही. ज्यांच्या कार्यक्रमांवर सरकारने बंदी घातली त्याच अण्णाभाऊंचे टपाल तिकीट २००२ मध्ये भारत सरकारने काढले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राच्या उपमुख्यमंत्र्यांनी केले. चांगलेच झाले. पण सरकारला मेलेला शाहीर नेहमीच जास्त आवडतो.

जिवंत शाहिरांचे काय? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण मेले. शाहीर विलास घोगरे यांना हे सहन झाले नाही, आणि चार दिवसांनी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट त्यांच्यापासूनच सुरू होतो. तो तयार व्हायला १४ वर्षे लागली. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा.

२००२ च्या गुजरात दंगलींनंतर पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला. त्यातली शीतल साठे आणि सचिन माळी ही जोडी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर स्वतःहून अटकेसाठी हजर झाली. सरकारचा आरोप माओवाद्यांशी संबंधांचा होता, आणि त्यांनी तो नाकारला. मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा दुसऱ्या प्रकरणात पकडले गेले. खटल्याचा निकाल लागण्याआधीच त्यांची कित्येक वर्षे तुरुंगात गेली. आरोपांचे खरेखोटे न्यायालय ठरवील, तो माझा विषय नाही. पण निकालाआधीच वर्षे निघून जातात, आणि गाणाऱ्याच्या बाबतीत गेलेली वर्षे म्हणजे गेलेला गळा असतो.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला चालतो. आरोप काय, तर त्याचे गाणे ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने जीव दिला! यातली गाणी संभाजी भगत यांची. २०१५ मध्ये या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थिएटरात लोक हसत होते, कारण हे अतिशयोक्त वाटत होते. मग एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन तरुण मराठी रॅपरवर, राज्यातल्या राजकारणावर गाणी केली म्हणून पोलिसांत गुन्हे दाखल झाले. डफ जाऊन बीट आला, पण झोप अजून तशीच उडते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे विचारायला हवी. आपण परदेशात राहतो. गाव, पक्ष, जात, आवडता नेता हे सगळे सामानाबरोबर आणलेले असते. आपल्या नावडत्या सरकारला शाहिराने झोडपले तर आपण टाळ्या वाजवतो. आवडत्या सरकारला झोडपले की "हे काय गाणं आहे? हा तर प्रचार!" असे म्हणतो. १९५६ मध्येही नेमके असेच म्हणणारे सज्जन लोक होते. मोरारजींना मत देणारी माणसे काही राक्षस नव्हती. त्यांनाही शांतता आणि सुव्यवस्था हवी होती, आणि अमर शेख त्यांना डोकेदुखी वाटत होते. तेव्हा अण्णाभाऊंच्या गाण्यावर आज ठेका धरताना आपण त्या काळी सभेत असतो की घरात दार लावून बसलो असतो, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. मी त्याचे उत्तर देत नाही, मलाही ते अवघडच जाते.

कोणी म्हणेल, "अहो, पण आपण इथे पाहुणे. या देशात तर मोर्चाबिर्चा चालत नाही." बरोबर आहे. इथे जाहीर निदर्शनाची जागा म्हणजे हाँग लिम पार्कातला स्पीकर्स कॉर्नर, तोही सप्टेंबर २००० पासून, आणि परदेशी नागरिकाला तिथे भाग घ्यायला परवाना लागतो. ज्या घरात राहतो त्या घराची शिस्त पाळलीच पाहिजे. पण आपल्याच इतिहासातले गाणे समजून घेऊन म्हणायला कोणताही परवाना लागत नाही.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला माझी एक सूचना आहे. येत्या महाराष्ट्र दिनाला 'माझी मैना' जरूर व्हावी, वन्स मोअरही व्हावा. फक्त गाणे सुरू होण्याआधी दोन मिनिटे कोणीतरी, शक्यतो मराठी शाळेतल्याच एखाद्या मुलाने किंवा मुलीने, सांगावे की हे कोणी रचले, कधी म्हटले आणि कोणाला उद्देशून. 'जय जय महाराष्ट्र माझा' तर २०२३ पासून आपले राज्यगीत आहे, त्याच्याआधी १०५ हुतात्म्यांसाठी एक मिनिट उभे राहावे. पुढच्या वेळी आजच्या एखाद्या शाहिराचे गाणेही निवडावे, मग ते कोणत्याही सरकारवर असो, आणि त्यावर नंतर चहाच्या वेळी कडाक्याचे भांडण झाले तरी चालेल.

आणि एक. १९५८ मध्ये मुंबईला भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना अण्णाभाऊंनी पुराणातल्या शेषनागाला बाजूला सारले आणि धरणीचा भार कष्टकऱ्यांच्या हातांवर आहे असे सांगितले. समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तेव्हा त्या दिवशी बेटावरच्या दोन-चार कामगार मित्रांनाही कार्यक्रमाला बोलवावे. भाषा त्यांना कळली नाही तरी गाणे कळेल, याची मी खात्री देतो.